‘ब्लॅक नार्सिसस’चे रंग संगणकाने भरलेले नाहीत

मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर यांच्या ‘ब्लॅक नार्सिसस’ (१९४७) या ब्रिटिश चित्रपटाबद्दल एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे ढकलला जातो. सोबत दोन-चार देखणी दृश्यं असतात आणि दावे साधारण असे: चित्रपट दार्जिलिंगजवळ हिमालयात चित्रित झाला, त्यात स्थानिक पहाडी माणसं आहेत, तो मुळात कृष्णधवल होता आणि आज दिसणारे रंग संगणकाने भरलेले आहेत. पुरावा म्हणून सांगितलं जातं, की मूळ निगेटिव्ह कृष्णधवलच आहेत आणि त्या काळातली रंगीत फिल्म इतकी वर्षं टिकूच शकत नाही.

यातली एकच गोष्ट खरी आहे: निगेटिव्ह कृष्णधवल आहेत. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष नेमका उलटा आहे.

आधी हिमालयाचं बघू. चित्रपट रूमर गॉडन यांच्या १९३९ च्या कादंबरीवर बेतलेला आहे. डोंगरातल्या एका जुन्या राजवाड्यात मठ चालवायला आलेल्या ख्रिस्ती ननांची ही गोष्ट दार्जिलिंगच्या बाजूला घडते, त्यामुळे गैरसमज समजण्यासारखा आहे. गोंधळात भर घालणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. गॉडन यांच्याच दुसऱ्या कादंबरीवरचा ज्याँ रेन्वार यांचा ‘द रिव्हर’ (१९५१) खरोखरच बंगालमध्ये, तोही टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या पद्धतीत चित्रित झाला होता. आणि ‘ब्लॅक नार्सिसस’वर बीबीसीने २०२० मध्ये केलेल्या मालिकेचा काही भाग नेपाळमध्ये चित्रित झाला आहे. १९४७ च्या चित्रपटासाठी मात्र कॅमेरा इंग्लंडच्या बाहेर गेलाच नाही. राजवाडा, मठ, मठाची घंटा असलेला कडा हे सगळं लंडनच्या पश्चिमेला असलेल्या पाइनवुड स्टुडिओत उभारलं होतं. जंगल आणि बागेची काही दृश्यं ससेक्समधल्या लिओनार्ड्सली बागेतली आहेत. ही बाग ऱ्होडोडेंड्रॉनसाठी, म्हणजे हिमालयातही आढळणाऱ्या फुलझाडांसाठी, प्रसिद्ध आहे, म्हणून तिथली झाडी डोळ्याला परकी वाटत नाही.

मग डोंगर कुठून आले? कलादिग्दर्शक आल्फ्रेड युंगे यांच्या विभागाने डोंगरांच्या कृष्णधवल छायाचित्रांची भिंतीएवढी वाढवलेली रूपं तयार केली, त्यांवर रंगीत खडूंनी रंग चढवला आणि ती खिडक्या-कमानींच्या मागे लावली. म्हणजे हाताने रंगवलेलं काहीतरी या चित्रपटात नक्की आहे, पण ते कॅमेऱ्याच्या समोर होतं. फिल्मवर कुणी ब्रश चालवलेला नाही.

खोल दरी दाखवणारे शॉट डब्ल्यू. पर्सी डे यांच्या मॅट चित्रांचे आहेत. त्या काळची रीत अशी: चौकटीचा जो भाग खोटा दाखवायचा तो काळ्या आच्छादनाने झाकून अभिनेत्यांचा भाग चित्रित करायचा. ती फिल्म न धुता राखून ठेवायची. मग उरलेला भाग चित्रात रंगवून, आता अभिनेत्यांची बाजू झाकून, तीच फिल्म दुसऱ्यांदा प्रकाशात आणायची. दोन्ही भागांच्या कडा नीट जुळल्या नाहीत किंवा कॅमेरा केसभर हलला, तर जोडाची रेघ दिसते आणि आख्खा शॉट बाद होतो. ‘ब्लॅक नार्सिसस’ही टेक्निकलरमध्येच टिपलेला, म्हणून ही कसरत एका वेळी तीन फिल्मांवर करावी लागे (तीन का, ते पुढे येईल). घंटेच्या कड्याखाली दिसणारी ती भोवळ आणणारी दरी अशीच रंगवलेली आहे. प्रत्यक्षात सेट जमिनीपासून काही फुटांवरच होता.

हिमालयात न जाण्यामागे पॉवेल यांचं कारण कलात्मक होतं. बाहेरची दृश्यं भारतात आणि आतली स्टुडिओत घेतली, तर दोन्हींचा उजेड जुळणार नाही आणि चित्रपट दुभंगेल, असं त्यांचं मत होतं. व्यावहारिक बाजूही त्यांच्याच बाजूने होती. टेक्निकलरची ब्रिटिश प्रयोगशाळा हार्मंड्सवर्थला, म्हणजे पाइनवुडपासून काही मैलांवर. शॉट फसला की नाही हे लगेच कळे आणि सेट मोडण्याआधी तो पुन्हा घेता येई.

स्थानिक माणसांचा दावा दोन वाक्यांत संपतो. अभिनेते साबू हे म्हैसूरकडचे, ते सोडले तर महत्त्वाच्या भारतीय भूमिका इंग्रज नटांनी चेहरे रंगवून केल्या आहेत: कांचीच्या भूमिकेत जीन सिमन्स, म्हाताऱ्या जनरलच्या भूमिकेत एस्मंड नाइट, आयाच्या भूमिकेत मे हॅलट. या चित्रपटावर हा आक्षेप जरूर घ्यावा, तो रास्त आहे. पण ‘खरे पहाडी चेहरे’ म्हणून त्याचं कौतुक करू नये.

आता मूळ मुद्दा, कृष्णधवल निगेटिव्ह. टेक्निकलरच्या ज्या पद्धतीने हा चित्रपट टिपला गेला, त्यात कॅमेऱ्यातून एका वेळी तीन कृष्णधवल फिल्म धावतात. भिंगामागे घनाकृती प्रिझम असतो आणि त्याच्या तिरप्या पृष्ठावर अर्धपारदर्शक आरशाचा थर. प्रकाशाचा एक भाग सरळ जातो, हिरव्या फिल्टरमधून गाळला जातो आणि पहिल्या फिल्मवर पडतो: ही हिरव्याची नोंद. उरलेला प्रकाश काटकोनात वळून मॅजेंटा (जांभळट गुलाबी) फिल्टरमधून जातो आणि एकमेकींना चिकटून धावणाऱ्या दोन फिल्मांवर पडतो. पुढची फिल्म निळ्याची नोंद घेते. तिच्यावरच्या लालसर थरात निळा प्रकाश अडतो, त्यामुळे मागच्या फिल्मपर्यंत फक्त लाल पोचतो. मागच्या फिल्मकडे जाणारा प्रकाश पुढच्या फिल्ममधून गेलेला असल्यामुळे लाल नोंद नेहमी किंचित मऊ असते.

म्हणजे तिन्ही निगेटिव्हवर रंग दिसत नाही, पण रंगाची माहिती पूर्ण असते. निगेटिव्ह उलटवून पाहिल्या, तर लाल ओठ लाल नोंदीत उजळ आणि हिरव्या-निळ्या नोंदींत गडद येतात. हा फरक चित्रीकरणाच्या क्षणीच टिपला गेला आहे. कृष्णधवल चित्रपटाची निगेटिव्ह एकच असते, इथे त्याच क्षणाच्या तीन आहेत, आणि त्या एकमेकींहून वेगळ्या आहेत. ‘निगेटिव्ह कृष्णधवल आहे’ असं सांगणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारायला हवा होता: किती आहेत?

हिशोब करून पाहा. चित्रपट सुमारे १०० मिनिटांचा. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे १,४४,००० चौकटी. तीन नोंदींच्या मिळून ४,३२,०००. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे प्रत्येक नोंद ९,००० फुटांची आणि तिन्ही मिळून २७,००० फूट. हे फक्त अंतिम संकलनाचं, वाया गेलेले टेक वेगळेच.

प्रत छापताना प्रत्येक नोंदीवरून जिलेटिनच्या उठावाची एक मॅट्रिक्स फिल्म बनते. लाल नोंदीची मॅट्रिक्स सायन (निळसर हिरव्या) रंगद्रव्यात बुडवायची, हिरव्याची मॅजेंटात, निळ्याची पिवळ्यात: सायन लाल प्रकाश अडवतो, मॅजेंटा हिरवा आणि पिवळा निळा. मग या तिन्ही एकामागून एक कोऱ्या फिल्मवर दाबायच्या. कापडावर ठशांनी छपाई करताना एक ठसा सरकला की फुलाचा रंग रेषेबाहेर जातो, तसंच इथे होतं: मॅट्रिक्स जराशी सरकली तरी आकृतीच्या कडेला रंगीत झालर दिसते.

आपल्याकडे ‘रंग नंतर भरले’ हे चटकन पटतं, कारण आपण ते पाहिलं आहे. ‘मुगल-ए-आझम’ (१९६०) २००४ मध्ये संगणकाने रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला. (त्यातलं शीशमहालातलं ‘प्यार किया तो डरना क्या’ हे गाणं मात्र मुळातच रंगीत होतं.) पण रंगवलेला चित्रपट आणि रंगात टिपलेला चित्रपट यांतला फरक डोळ्यांनी ओळखता येतो.

पहिली खूण उजेडाची. नंतर रंग भरणारा माणूस सहसा चेहऱ्याला एक त्वचारंग देतो आणि छायाप्रकाश मूळ करड्या छटांवर सोडतो. सिस्टर रूथ लाल लिपस्टिक लावते आणि समोर सिस्टर क्लोडा बायबल घेऊन बसते, मध्ये मेणबत्ती, हा प्रसंग पाहा. उजेडाच्या बाजूला नारिंगी झाक, सावलीत गार रंग. छायालेखक जॅक कार्डिफ दिव्यांवर रंगीत फिल्टर लावून काम करत. सावलीत हिरवा आणि उजेडात लाल ही जोडी त्यांनी व्हॅन गॉगच्या चित्रांवरून घेतली होती. कृष्णधवल फिल्मवर असे फिल्टर लावून हाती काही लागत नाही, उजेड तेवढा कमी होतो. आणि टेक्निकलरला उजेड आधीच प्रचंड लागे: प्रकाश तिघांत वाटला जात असल्यामुळे सुरुवातीच्या काळात या पद्धतीचा वेग, म्हणजे प्रकाश टिपण्याची क्षमता, जेमतेम ५ एएसएच्या (त्या क्षमतेच्या मापाच्या) आसपास होता. अशा स्थितीत विनाकारण कुणी दिव्यापुढे फिल्टर धरत नाही. कपड्यांतही तेच. ननांचे झगे फिकट ठेवले, म्हणजे रूथचा लाल पोशाख आणि ते ओठ आल्यावर डोळा तिथेच जावा. ही योजना रंग समोर असल्याशिवाय करता येत नाही.

दुसरी खूण धुळीची. जुन्या, साफ न केलेल्या टेक्निकलर प्रतीत बारीक रंगीत ठिपके दिसतात. लाल नोंदीच्या निगेटिव्हवर कण बसला, तर त्या जागी सायन रंगद्रव्य कमी उतरतं आणि पडद्यावर लाल ठिपका येतो. हिरव्या नोंदीवरच्या कणाने हिरवा, निळ्या नोंदीवरच्या कणाने निळा. एकाच कृष्णधवल निगेटिव्हवरून रंगवलेल्या चित्रपटात असा ठिपका तिन्ही रंगांत एकाच जागी पडतो, म्हणून पांढरा दिसतो. चित्र संपादनाच्या कुठल्याही साधनात चौकटीचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग वेगळे करून हे तपासता येतं. फक्त ते इंटरनेटवरच्या दाबलेल्या व्हिडिओवर करू नका. त्यात रंगाचा तपशील रुंदीत आणि उंचीत निम्मा केलेला असतो आणि निष्कर्ष फसवा येतो.

शेवटचा दावा, रंग टिकत नाहीत. हे १९५० पासून आलेल्या ईस्टमनकलरसारख्या फिल्मबद्दल बरंचसं खरं आहे. त्यात रंगद्रव्यं निगेटिव्हमध्येच तयार होतात आणि काळाबरोबर उडतात, म्हणून त्या पिढीच्या कितीतरी प्रती गुलाबी पडल्या. टेक्निकलरच्या तीन निगेटिव्हमध्ये रंगद्रव्यच नाही, चांदी आहे, त्यामुळे उडायला काही नाही. छापील प्रतींतली रंगद्रव्यंही पुष्कळ स्थिर असतात. टेक्निकलरचा खरा शत्रू वेगळा आहे. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असे: ज्वालाग्राही, सडणारी आणि आकसणारी. तिन्ही पट्ट्या सारख्या आकसत नाहीत, मग नोंदी एकमेकींवर बसेनाशा होतात आणि कडेला झालर येते. पॉवेल-प्रेसबर्गर यांच्याच ‘द रेड शूज’ (१९४८) च्या निगेटिव्हना तर बुरशीही लागली होती. २००९ मध्ये कान चित्रपट महोत्सवात दाखवलेल्या त्याच्या पुनरुज्जीवनासाठी तिन्ही नोंदी वेगवेगळ्या स्कॅन करून संगणकावर जुळवाव्या लागल्या.

संगणकाचं काम ते एवढंच: तीन स्कॅन एकमेकांवर नीट बसवणं, धूळ-बुरशी काढणं आणि जुन्या चांगल्या प्रतीशी रंगाचा तोल ताडून पाहणं. ‘ब्लॅक नार्सिसस’साठी कार्डिफ यांना रंगीत छायालेखनाचं आणि युंगे यांना रंगीत कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. ही दोन्ही पारितोषिकं १९४८ च्या समारंभातली आहेत, आणि तेव्हा चित्रपटात रंग भरू शकेल असा संगणक जगात कुठेच नव्हता.