‘घरी मराठी बोलू नका’ सांगणाऱ्या त्या मेसेजला एका पहिलीच्या बाईंचं उत्तर

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मथळा : ‘पाच वर्षांनंतर उशीर झालेला असेल!’ आत काय, तर मेंदूची ९० टक्के वाढ पाचव्या वर्षापर्यंत पूर्ण होते, मग दार बंद. म्हणून साडेतीन वर्षांच्या मुलाला ए टू झेड आणि १ ते १०० लिहिता आलंच पाहिजे, रडलं तरी रोज तासभर बसवा. घरात फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं. रोज शैक्षणिक व्हिडिओ दाखवा. अंगणवाडीत फक्त खिचडी मिळते. इंटरव्ह्यूची तयारी करून घ्या आणि एकदा प्रवेश झाला की शिकवणं शाळेवर सोडा. खाली ‘एका बालमेंदूतज्ज्ञाचा सल्ला’. तज्ज्ञाला नाव नाही, गाव नाही.

एरवी असलं काही मी उघडतही नाही. पण माझ्या धाकट्या बहिणीने हे मनावर घेतलं. तिचा मुलगा साडेतीन वर्षांचा, यंदाच नर्सरीत जायला लागलाय. तिने सासूबाईंना सांगून टाकलं, ‘आई, त्याच्याशी मराठीत बोलू नका, तो कन्फ्यूज होतो.’ त्यांना इंग्रजी येत नाही. बहीण आणि मेहुणे संध्याकाळी सातनंतर घरी येतात. म्हणजे शाळा सुटल्यापासून ज्या बाईजवळ ते पोर असतं, तिने तोंडाला कुलूप लावायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. ज्या ‘तयारी’च्या नावाखाली हे चाललंय ती तयारी झालेली आणि न झालेली, दोन्ही प्रकारची मुलं दर जूनमध्ये माझ्यासमोर येऊन बसतात. म्हणून लिहिते.

क्रम मेसेजचा नाही, माझा. आधी भाषा, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे आहे.

दोन भाषांनी मूल गोंधळतं, हे खोटं आहे. बेळगावच्या गल्लीतलं पोर घरी मराठी आणि बाहेर कन्नड बोलतं. इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या घरात एक, दारात दुसरी भाषा चालत आली आहे. गोव्यात तर तीन-चार भाषा कानावर पडतात. ही सगळी मुलं गोंधळलेली आहेत का? लहान मूल एका वाक्यात दोन भाषांचे शब्द घालतं, ते त्या वयात अगदी नेहमीचं आहे. हाताशी जो शब्द आहे तो ते वापरतं, आणि कुणाशी कोणती भाषा बोलायची हेही आपलं आपणच शिकतं.

आता ‘फक्त इंग्रजी’ सुरू केलेल्या घरात खरंच काय बोललं जातं ते ऐका. ‘कम. सिट. ईट फास्ट. डोन्ट टच. गुड बॉय.’ संपलं. ज्या आईवडिलांना इंग्रजीत सहज बोलता येत नाही ते इंग्रजीत हुकूम सोडू शकतात. ‘आजोबांना दात का नाहीत?’ याचं उत्तर त्यांना देता येत नाही, गोष्ट रंगवता येत नाही, चिडवता येत नाही. आणि पहिलीत माझ्या उपयोगी पडतं ते नेमकं हेच. आजीच्या चिमणी-कावळ्याच्या गोष्टीचंच बघा. शेणाचं घर पावसात का वाहून जातं आणि मेणाचं का टिकतं, ही कारणमीमांसा झाली. कावळा दार वाजवतो आणि चिमणी दर वेळी नवं कारण सांगते, हा क्रम झाला. पुढे काय म्हणेल हे मूल आधीच ओरडून सांगतं, तो अंदाज झाला. वाचून समजायला हीच तीन कौशल्यं लागतात, आणि ती एकदा मराठीत आली की इंग्रजी पुस्तक हातात घेतल्यावर नव्याने शिकावी लागत नाहीत. ‘क’ने सुरू होणारे शब्द शोधायच्या खेळात शब्दातले आवाज सुटे करायला शिकलेलं मूल ते कसब इंग्रजीलाही वापरतं. भांडवल घरच्या भाषेत जमतं आणि मग कुठेही खर्च करता येतं.

हे माझं भाषाप्रेम नाही. के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तयार केलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा केंद्र सरकारने २० ऑक्टोबर २०२२ रोजी जाहीर केला. वयोगट ३ ते ८. त्यात शिकण्याचं माध्यम म्हणून घरच्या भाषेलाच पहिलं स्थान आहे. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा म्हणतं. मेसेज फॉरवर्ड करण्याऐवजी कुणी हा आराखडा वाचला असता तर माझे दोन तास वाचले असते.

एवढं मान्य करते : मूल इंग्रजी माध्यमात घातलंय तर इंग्रजी त्याच्या कानावर आधी पडलेलं बरं. चित्रांचं पुस्तक वाचून दाखवा, गाणी म्हणा, तुम्हाला सहज येत असेल तर गप्पाही मारा. भर घाला ना, कोण नको म्हणतंय? पण त्यासाठी आजीला गप्प करायची गरज नाही.

आता ते लिहिणं. रडलं तरी तासभर! माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी मऊ कूर्चेचीच असतात आणि एकेक करत वर्षानुवर्षं टणक होत जातात. तीन वर्षांच्या मुलाचा एक्स-रे काढला तर त्यातली टणक झालेली जेमतेम तीन-चार दिसतात. बोटांचे बारीक स्नायूही अजून तयार होत असतात. अशा हातात पेन्सिल देऊन चाररेघी वहीत ‘ए’ची पानंच्या पानं भरून घेतली की मूल पेन्सिल अख्ख्या मुठीत धरतं, खांद्यापासून जोर लावतं आणि दमतं. ती पकड पुढे सुटता सुटत नाही. पहिलीत माझा बराच वेळ शिकवण्यात नाही, ही पकड सोडवण्यात जातो. आणि पकड एकवेळ सुटते, वही दिसली की येणारं रडू लवकर सुटत नाही.

त्याच आराखड्यात ३ ते ६ वयासाठी मुलांच्या हातात पाठ्यपुस्तक द्यायचंच नाही असं म्हटलंय, आणि दुसरीपर्यंत लेखी परीक्षा हे मूल्यमापनाचं पूर्णपणे गैरलागू साधन ठरवलंय. मग हात तयार कसा होणार? मटाराच्या शेंगा सोलू द्या. कणकेचा गोळा मळू द्या. शर्टाची बटणं त्याची त्याला लावू द्या, शाळेला उशीर होत असला तरी. खडूने फरशीवर रेघोट्या ओढू द्या, पुसायला ओलं फडकंही त्याच्याच हातात द्या. यात पालकांचा वेगळा ‘अभ्यासाचा तास’ जात नाही. स्वयंपाकघर आहेच.

१ ते १०० चंही तसंच. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं मूल ‘सात खडू आण’ म्हटल्यावर मूठभर उचलून आणतं, हे मी दर वर्षी बघते. ती संख्या नव्हे, ते गाणं आहे. जेवायला किती माणसं, किती ताटं, एक पाहुणा वाढला तर किती? एवढं रोज विचारलंत तर पहिलीचं निम्मं गणित घरी झालं.

मेंदूच्या ९० टक्क्यांत अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने देऊन टाकते. पाच-सहा वर्षांपर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या ९० टक्क्यांच्या आसपास जातो. २०२०च्या धोरणातही सहा वर्षांच्या आत ८५ टक्क्यांहून जास्त विकास होतो असं लिहिलंय. ही वर्षं महत्त्वाची आहेतच, म्हणून तर एवढी तणतणतेय. पण आकार म्हणजे शिकणं नव्हे. विचार करून निर्णय घेणारा, स्वतःला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो. दार वगैरे काही बंद होत नाही. फिनलंडमध्ये मुलं सातव्या वर्षी पहिलीत बसतात, त्यांचं काय अडलं?

व्हिडिओंबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९चं मार्गदर्शन पुरे आहे : २ ते ४ वयाला दिवसात जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तम. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात किमान तीन तास हालचाल आणि १० ते १३ तास झोप. यात लिहायचा तास कुठे बसतो ते मेसेजवाल्यांनीच सांगावं.

अंगणवाडीला हसणाऱ्यांना एवढंच सांगते की ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत हे पाहून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शंख, शिंपले, बिया, पानं हेच साहित्य. आज महागड्या प्रीस्कूलच्या माहितीपत्रकात नैसर्गिक साहित्य म्हणून छापतात ते हेच. सगळ्या अंगणवाड्या चांगल्या चालतात असं नाही. काही ठिकाणी खरंच खिचडीपलीकडे फार काही होत नाही. पण जिथे सेविका गोष्ट सांगते, मुलांना नाचवते, तिथे घालायला लाजू नका.

इंटरव्ह्यूचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १३ : प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायची नाही. पहिल्यांदा मोडलं तर २५ हजारांपर्यंत दंड, पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. कायदा ६ ते १४ वयाचा, म्हणून नर्सरीला तो लागू नाही ही पळवाट शाळा वापरतात. वापरू देत. पण त्या मुलाखतीसाठी साडेतीन वर्षांच्या पोराला रंगांची इंग्रजी नावं घोकायला लावणाऱ्या शाळेत वर्षभर काय चालणार, याचा अंदाज प्रवेशाआधीच घ्या.

आणि शिकवणं शाळेवर सोडा म्हणे! प्रगतिपुस्तक दाखवतील तेव्हा मार्कांपलीकडचं विचारा. तो कुणाशी खेळतो? दिवसातून किती वेळ गोष्ट ऐकतो? बाहेर मैदानात रोज सोडता का? वर्गात मराठीत बोलला तर काय करता? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. इंग्रजी वर्गात नवं आलेलं मूल चड्डी ओली करतं ते पुष्कळदा बाईंना कसं सांगायचं हे न कळल्यामुळे. बहिणीला सांगितलंय, सोमवारी शाळेत जाऊन त्याचे घरचे शब्द बाईंना एका कागदावर लिहून दे : शू, शी, मम्म, दुखतंय, आजी हवी. त्याने हे मराठीत सांगितलं तर त्याला ओरडू नका, हेही त्यांच्याकडून कबूल करून घे. बाकी इंग्रजी त्याला येईल, घाई नाही.