‘मामा, गाडी बाजूला घ्या’ म्हणायचं कोणी?

भाऊ, नमस्कार. मोठ्यांना न टोकण्याची आपली सवयही अपघातांमागे आहे, असं मी स्वीडनशी तुलना करून ‘संस्कृती आणि अपघात’ या लेखात मांडलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंय, ‘परदेशी प्राध्यापकाचे आकडे दाखवून खान्देशी माणसाला अडाणी ठरवू नका. आधी रस्ता द्या. आमचीच पोरं दुबईत शिस्तीत गाडी चालवतात.’ राग कळला. निम्मा मान्यही आहे.

रस्त्याबद्दल वादच नाही. 6 नंबर हायवे (कागदावर आता 53) जळगावच्या पोटातून जातो आणि समांतर रस्त्यांसाठी लोकांना आंदोलनं करावी लागली. शाळेची पोरं, केळीचे ट्रक आणि स्कुटीवरची काकू एकाच पट्ट्यात आल्यावर तिथे संस्कृती शोधण्यात अर्थ नाही.

आकड्यांवरचा आक्षेपही बराचसा खरा. देशोदेशींच्या संस्कृती आकड्यांत मोजणारे डच प्राध्यापक हॉफस्टेड यांनी देशांना गुण दिले ते आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून, तेही 1967 ते 1973 मधल्या. त्यात चोपड्याचा कापूसवाला कुठून असणार? शिवाय अनिश्चितता टाळण्याच्या (म्हणजे पुढचं काही ठाऊक नसेल तर माणसं किती बिचकतात, त्या) मोजपट्टीवर स्वीडन 29 आणि आपण 40. म्हणजे त्या हिशेबानं त्यांच्यापेक्षा आपणच जपून चालवायला हवं! ती मोजपट्टी मी लेखात उगाच ताणली. चूक माझी.

पण दुसरी मोजपट्टी मी सोडणार नाही. मोठ्याचं मोठेपण धाकट्यानं किती निमूट मानायचं, त्यात स्वीडन 31, भारत 77. हा आकडा मला पुस्तकाआधी गाडीत भेटला. लग्नाहून परतताना पारोळ्याच्या पुढे मामा चालवत होते आणि त्यांचे डोळे मिटत होते. आम्ही सहा जण, सगळ्यांना दिसत होतं. मामींनी एवढंच विचारलं, ‘चहा घ्यायचा का?’ मामा म्हणाले, नको. गाडी दुभाजकाला घासून गेली. कोणाला लागलं नाही, पण मामांनी शिव्या घातल्या त्या दुभाजकाला, आणि आम्ही माना डोलावल्या.

ही झाली घरची गोष्ट. फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ मध्यरात्री पपईचा ट्रक उलटला आणि 15 मजूर जागीच गेले. मालाच्या गाडीवर माणूस बसतो तो गरिबीनं, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबरच. पण ‘रात्रीचं येत नाही, सकाळी निघू’ असं मुकादमाला सांगणारा मजूर तुम्ही कधी पाहिलाय? दुसऱ्या दिवशी त्याला काम कोण देईल?

दुबईचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे. तिथे कॅमेरा दंड करतो, आणि कॅमेऱ्याला कोणाच्या भाऊंचा फोन जात नाही. आपल्याकडे नियम रस्त्याचा नसतो, चौकात उभ्या असलेल्या साहेबांचा असतो. साहेब जेवायला गेले की नियमही जेवायला जातो. म्हणून तर समोरून येणारा अनोळखी माणूस डिपर मारून ‘पुढे उभे आहेत’ असं सांगतो. किती आपुलकी! तोच माणूस रात्री आपल्या डोळ्यांवरचा अप्पर मात्र खाली करत नाही.

संस्कृती बदलल्याशिवाय काही होणार नाही, असं मात्र मी म्हटलेलं नाही. जपानमध्ये 1970 साली रस्त्यावर 16,765 माणसं गेली, 2023 मध्ये 2,678. या काळात जपानी माणसानं मोठ्यांपुढे वाकणं काही सोडलं नाही. तेव्हा ‘आधी रस्ता’ म्हणा, माझी हरकत नाही. फक्त रस्त्याच्या मागणीपाशीच थांबू नका. 2022 मध्ये देशात 1,68,491 जण गेले आणि त्यातले 70 टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदलेले आहेत. खड्डे बुजले की आपला पाय कुठे जातो, ते धुळ्याकडच्या चौपदरीवर एकदा बघा.

समांतर रस्त्यांसाठी पुन्हा बसायचं ठरलं तर हाक मारा, येईन. तुमच्याच गाडीत येईन. फक्त वाटेत ‘भाऊ, हयू चालाड’ (हळू चालव) म्हटलं तर रागवायचं नाही.