कशी वाटली?

उत्तर इंग्लंडातल्या लीड्सला बदलीवर आलेल्या माणसाला राहायला घर मिळायच्या आधी एक काका मिळतात. माझे काका ऑफिसात हिशेब बघतात, निवृत्तीला टेकलेत आणि कॅम्रा या संघटनेचे जुने सभासद आहेत. पिंपातली पारंपरिक बिअर, म्हणजे एल, वाचवण्यासाठी १९७१ साली चार इंग्रज मित्रांनी ही संघटना काढली, तीही आयर्लंडमधल्या एका पबात बसून. देशाची बिअर धोक्यात आहे हे कळायलाही रजा काढून बाहेर जावं लागतं.

काकांनी विचारलं, तुमच्या नागपुरात बिअर कशी पितात? मी खरं ते सांगितलं: बाटलीला बोट चिकटलं नाही तर परत पाठवतात. काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शुक्रवारी मोकळा आहेस?"

पबात वेटर नसतो. काउंटरशी जाऊन उभं राहायचं. रांग दिसत नाही, पण कोण कोणाच्या आधी आलं हे सगळ्यांना पाठ असतं. काउंटरवर लांब मुठीचे दांडे. बाई दांडा अंगाशी ओढते आणि तळघरातल्या पिंपातली बिटर, म्हणजे कडवट चवीची एल, वर चढते, तत्त्व हातपंपाचंच. या यंत्राचं पेटंट जोसेफ ब्रामा यांनी १७९७ साली घेतलं. त्याआधी १७७८ साली त्यांनी सुधारित फ्लशच्या संडासाचंही पेटंट घेतलं होतं. पाइंटाच्या, म्हणजे इथल्या भरल्या ग्लासाच्या, प्रवासाची दोन्ही टोकं एकाच माणसाने सांभाळली म्हणायची.

आमचा पाइंट आला. तांबूस, वर साईसारखा पांढरा फेस. हा फेस दांड्याच्या तोटीला लावलेल्या स्पार्कलर नावाच्या जाळीमुळे येतो. उत्तरेत ती हवीच; दक्षिणेतले म्हणतात, जाळीने बिअरचा जीव जातो. यावर काकांचं व्याख्यान झालं. तोवर मी ग्लासाला हात लावून पाहिला होता. तळघराचं तापमान ११ ते १३ अंश, आणि काकांच्या मते बिअर थंडगार होती. नागपुरात डिसेंबरच्या पहाटे एवढाच पारा असतो आणि आम्ही कानटोपी घालतो, हे खरं. पण बिअरला ११ अंश म्हणजे ताप आलाय.

"आधी उजेडात धर," काका म्हणाले. धरली. आरपार दिसत होतं. पिंपात यीस्ट जिवंत असतं, तिथेच ती शेवटची मुरते, बाहेरून गॅस भरत नाहीत. मग गाळ न दिसता इतकी नितळ कशी? काका आनंदाने म्हणाले, "माशामुळे." माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेलं आयसिंग्लास पिंपात घालतात, ते यीस्टला धरून तळाशी बसवतं.

मी टेबलाखालून बायकोला मेसेज टाकला. ती मूळची सातपाटीची, म्हणजे कोळ्यांच्या गावची. तिकडे मध्यरात्र उलटली होती, पण विषय माशाचा असल्यामुळे तत्काळ उत्तर आलं. "म्हणजे भोत! घोळीची भोत आमच्याकडून सोन्याच्या भावाने उचलतात. बिअरला वास येतो का?" मी लिहिलं, अजिबात नाही. "मग काय उपयोग," असं लिहून ती झोपली.

शेवटी घोट घेतला. आधी बिस्किटाचा खरपूसपणा, मग संत्र्याच्या सालीचं काहीतरी, आणि सगळं गेल्यावर मागे कोरडा कडवटपणा, घसा पुन्हा ओला करायला लावणारा. बुडबुडे जिभेला टोचत नव्हते, असून नसल्यासारखे. वर पाहिलं तर सगळं टेबल माझ्या तोंडाकडे बघत होतं. मुलगी बघायला गेल्यावर पोह्यांच्या पहिल्या घासानंतर पसरते, तशी शांतता.

"कशी वाटली?"

"वंडरफुल," मी म्हणालो.

कोणीच काही बोलेना. एकाने खिडकीबाहेर बघितलं. यॉर्कशरमध्ये इतकं उघड कौतुक केलं की माणूस काहीतरी विकायला आलाय असं वाटतं. काकांनी स्वतः घोट घेतला, डोळे मिटले, आणि त्या बिटरला त्यांच्या भाषेतलं पद्मभूषण दिलं: "नॉट बॅड."

मला वाटलं परीक्षा संपली. पण आम्ही पाचजण होतो आणि प्रत्येकाने एकेकदा सगळ्यांसाठी आणायचं असा राउंडचा कायदा आहे. ही सेशन बिटर, जेमतेम ३.८ टक्क्यांची. रात्रभर प्या आणि गप्पाही शाबूत ठेवा, यासाठीच ती एवढी सौम्य. शिवाय ७२ पाइंटांचं पिंप एकदा उघडलं की तीनेक दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर आंबतं. म्हणजे तिथे बसलेला प्रत्येकजण कर्तव्यावर होता. मी पहिल्या ग्लासाच्या मध्यावर असताना दुसरा आला, आणि दुसऱ्याशी ओळख होतेय तोच तिसरा. नको म्हणायची सोय नाही. आणि तो कोरडा कडवटपणा मोठा लबाड. मागचा घोट घशात विरतो आणि हात आपला आपण ग्लासाकडे जातो. केव्हातरी मी ३.८ टक्के हे किती योग्य प्रमाण आहे, यावर बोलत होतो आणि काका मान डोलावत होते.

५६८ मिलिलिटरचा एक पाइंट, या हिशेबाने माझा राउंड येईतो मी ब्रामा साहेबांच्या आधीच्या पेटंटकडे लगबगीने निघालो होतो. काकांनी बाही धरली.

"जाताना ऑर्डर देऊन जा."