भोकं पडलेली कोजागरी

कालच्या फ्लेक्सवाल्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही.

सोसायटीच्या बॅनरसाठी ‘कोजागरी’ मी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः काढली होती. ‘क’च्या पोटात चंद्र, शेवटच्या वेलांटीतून सांडणारं दूध. रेषेवरचा बिंदू, म्हणजे नोड ओढा, त्याचं हँडल वळवा. एक गोलाई जमते तोवर शेजारची रुसते. कमल शेडगे नाटकांची नावं हाताने अशी काढायचे की अक्षरांवरूनच नाटकाचा बाज कळावा. आमच्या हाताशी कंट्रोल-झेड आहे, तरी ‘ग’चा काना वाकडाच. असो.

दुकानात फाइल कोरल या त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. “कर्व्ह केलंय ना?” ऑपरेटरने विचारलं. केलं होतं, अक्षरं टाइप केलेली नव्हती, नुसते आकारच होते. तरी त्याने सगळं सिलेक्ट करून ‘कंबाइन’ मारलं. दोन आकार एकमेकांवर असले की कंबाइनने तिथे भोक पडतं. अक्षर शिरोरेषेला चिकटतं त्या प्रत्येक जागी पडलं. कोजागरीला कसर लागली.

बाकड्यावर एक गृहस्थ कुठल्याशा दादांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी बसले होते. ते उठून आले.

“काय लिहिलंय?”

“कोजागरी.”

“तुम्ही सांगितलंत म्हणून.” मग मान तिरकी करून, “भोकं मात्र भारी. वारा आरपार जाईल, फ्लेक्स फाटणार नाही. आमच्या दादांच्या नावाला पडतील का?”

“ती चुकून पडलीत.”

“असू द्या हो. आणि या गोलात काय?”

“चंद्र.”

“इथे दादांचा फोटो फिट बसेल!” ऑपरेटरने मान डोलावली. “पण दूध सांडतंय ते काढा. अपशकुन असतो.”

मी ऑपरेटरला म्हटलं, “अरे, कंबाइन नको, वेल्ड कर, सगळं सांधून एकच होईल.”

“काका, एवढं कोण बघतं?” म्हणत त्याने माझी कोजागरी डिलीट केली आणि तयार फॉन्टात टाइप केली. सोनेरी, थ्रीडी, लाल सावली.

“आता कसं फ्लेक्स वाटतंय!” गृहस्थ म्हणाले.

वाटणारच. बारशापासून श्रद्धांजलीपर्यंत सगळ्या गावाला हीच सोनेरी अक्षरं. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’सारखा गुबगुबीत देवनागरी फॉन्ट फुकट मिळतो, पण तो उतरवून घ्यायचे कष्ट कोण घेणार? मेलेला माणूससुद्धा थ्रीडीतच जातो.

बिलात ‘डिझायनिंग चार्ज’ दोनशे रुपये. माझं डिझाइन पुसल्याचे!

रात्री खजिनदारांकडे पावती दिली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि दोनशेवर काट मारली. “डिझाइन तर तुम्हीच करणार होतात ना?”