पॅलेस्टाईनचा ‘पुळका’ आणि व्याह्याचे घोडे

‘घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.’ पॅलेस्टाईनच्या बाजूने कुणी फलक हातात धरला की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया साधारण या सुरात येते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरांचे शब्द बदलतात, दावा मात्र तोच राहतो. गाझाशी भारताचा काडीचा संबंध नाही. घरचे प्रश्न सोडून तिकडे गळा काढणारे एक तर मुसलमान असतात, नाही तर डावे. त्यांच्या पोटात मुळात ज्यूंचा द्वेष आहे. त्यांच्या मोर्च्यांनी आणि बहिष्कारांनी आजवर कुणाचे काही वाकडे झालेले नाही. आणि हमासबद्दल ते ब्र काढत नाहीत.

हा मजकूर पुढे ढकलणारे सगळेच काही द्वेषाने पेटलेले नसतात. बऱ्याच जणांना तो मनापासून व्यवहारी शहाणपणा वाटतो. म्हणून त्याचा एकेक तुकडा सुटा करून बघायला हवा.

‘आधी घरचे बघा’

हा आक्षेप व्हॉट्सॲपपुरता उरलेला नाही. गाझातल्या संहाराविरुद्ध आझाद मैदानात निदर्शने करायला मुंबई पोलिसांनी परवानगी नाकारली, म्हणून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष उच्च न्यायालयात गेला. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने याचिका फेटाळली आणि सुनावले, की देशात कचरा, प्रदूषण, सांडपाणी, पूर असे प्रश्न असताना हजारो मैलांवरच्या गाझाकडे काय बघता, देशभक्त व्हा. (पुढच्याच महिन्यात परवानगी मिळाली आणि २० ऑगस्टला त्याच मैदानात निदर्शने झाली. त्यामुळे मुंबईचे एखादे गटार जास्त तुंबल्याचे ऐकिवात नाही.)

हा नियम लावायचाच तर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांपासून सुरुवात करावी लागेल. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. भारत तेव्हा स्वतःच गुलामीत होता आणि आपल्या खेड्यापाड्यांत डॉक्टर औषधालाही सापडत नव्हता. बाकीचे परतले, कोटणीस तिकडेच राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. ‘सोलापूरचे रोगी सोडून चिन्यांचे कसले लाड?’ असे तेव्हाही कुणी म्हटले असेल. आज सोलापुरात स्मारक आहे ते कोटणीसांचे.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण तर सरकारी आहे. वंशभेदी कायद्यांवरून तिच्याशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत, आणि तोही १९४६ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्य मिळण्याच्या आधी. सुरुवातीचे कारण तिथल्या भारतीयांवरचा अन्याय हे होते, ते नाकारायचे कारण नाही. पण पुढची जवळजवळ पन्नास वर्षे हा बहिष्कार तिथल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच चालला. १९७४ साली भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात होते, समोर दक्षिण आफ्रिका होती. भारताने सामना खेळायलाच नकार दिला आणि चषक आफ्रिकेला न खेळता मिळाला. टेनिसचा तो चषक आपल्याला अजूनही मिळालेला नाही. तरी त्या नकाराला देशद्रोह म्हणणारा माणूस आज शोधून सापडणार नाही.

आता ‘काडीचा संबंध नाही’ या शब्दांकडे वळू. इस्राएल जी शस्त्रे निर्यात करतो त्यांचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक गेली कित्येक वर्षे भारत आहे; या निर्यातीतला सुमारे एक तृतीयांश वाटा आपल्याकडे येतो. हैदराबादेत अदानी आणि एल्बिट ही इस्राएली शस्त्रकंपनी यांचा ड्रोनचा संयुक्त कारखाना २०१८ पासून आहे. ऑक्टोबर २०२३ नंतर इस्राएलने हजारो पॅलेस्टिनी बांधकाम मजुरांचे परवाने बंद केले आणि त्यांच्या जागी माणसे नेण्यासाठी हरियाणा, उत्तर प्रदेश आणि पुढे महाराष्ट्रातही भरती झाली. हातावर पोट असलेल्या मजुराला यात बोल लावता येणार नाही. मात्र एकाचा रोजगार काढून तिथे आपला माणूस बसवला जातो, तेव्हा आपण त्या भांडणाच्या बाहेर आहोत असे म्हणता येत नाही. देशातल्या प्रमुख कामगार संघटनांनी या भरतीला विरोध केला तो याच मुद्द्यावर. फेब्रुवारी २०२४ मध्ये अकरा मोठ्या बंदरांतल्या कामगारांच्या महासंघाने जाहीर केले, की इस्राएलला जाणारा शस्त्रांचा माल आम्ही चढवणार-उतरवणार नाही. केरळात कण्णूरच्या एका कपड्यांच्या कारखान्याने इस्राएली पोलिसांच्या गणवेशांच्या नव्या ऑर्डरी घेणे थांबवले. संबंध आहेच. त्या संबंधाचे काय करायचे, एवढाच वादाचा विषय उरतो.

‘मुसलमान आणि डाव्यांचा उद्योग’

याला फार वेळ देण्याची गरज नाही. १९७७ साली दिल्लीच्या रामलीला मैदानात अटलबिहारी वाजपेयींनी जाहीर सभेत सांगितले होते, की अरबांची जी जमीन इस्राएल बळकावून बसला आहे ती त्याला रिकामी करावीच लागेल. त्या भाषणाची चित्रफीत याच व्हॉट्सॲपवर सहज मिळते. २०१८ मध्ये पॅलेस्टाईनमधल्या रामल्लाला जाणारे पहिले भारतीय पंतप्रधान नरेंद्र मोदी. सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत इस्राएल आणि पॅलेस्टाईन अशा दोन राष्ट्रांच्या तोडग्याचा जाहीरनामा १४२ मतांनी संमत झाला, त्यातले एक मत भारताचे होते. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या अर्जावर इस्राएलला गाझात वंशसंहाराची कृत्ये रोखण्याचे अंतरिम आदेश दिले. बहुमताच्या बाजूने असलेले न्या. दलवीर भंडारी हे एके काळी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. यांतले डावे कोण आणि मुसलमान कोण, ते मजकूर लिहिणाऱ्यांनीच सांगावे.

आणि पॅलेस्टिनी म्हणजे मुसलमान हे समीकरणही कच्चे आहे. मे २०२२ मध्ये जेनीनमध्ये वार्तांकन करताना गोळी लागून मेलेली पॅलेस्टिनी पत्रकार शिरीन अबू अक्लेह ख्रिस्ती होती. २०२३ च्या नाताळात बेथलेहेमच्या एका चर्चमध्ये बाळ येशूची मूर्ती सिमेंटच्या ढिगाऱ्यात ठेवली होती.

‘हा ज्यूंचा द्वेष आहे’

हा आक्षेप मात्र हलक्यावारी घेण्यासारखा नाही. ज्यूद्वेष खरा आहे आणि तो काय करतो हे मुंबईने २००८ साली नरिमन हाउसमधल्या ज्यू केंद्रात पाहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मँचेस्टरच्या सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर, हल्ला झाला. गाझाचे नाव घेऊन कुणी ज्यू शाळेच्या भिंतीवर काही खरडत असेल, तर तो पॅलेस्टिनींचा मित्र नव्हे, आणि मोर्च्यात असा माणूस आढळला तर त्याला हाकलणे संयोजकांचे काम आहे. ते प्रत्येक ठिकाणी झाले असे मी म्हणणार नाही.

पण दावा याहून मोठा आहे. इस्राएल सरकारवरची प्रत्येक टीका ज्यूद्वेषच, असा तो आहे. मग बेत्सेलेमचे काय करायचे? ही १९८९ पासूनची इस्राएली मानवी हक्क संघटना. तिने २०२१ मध्ये इस्राएलच्या राजवटीला ‘अपार्थाइड’ (वंशभेदी राजवट) म्हटले आणि जुलै २०२५ मध्ये, आपले राज्य गाझात वंशसंहार करत आहे, असा अहवाल जेरुसलेममध्येच जाहीर केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या संसद संकुलात ठाण मांडून तीनशेच्या आसपास लोकांनी अटक करून घेतली, ते युद्धबंदी मागणारे अमेरिकी ज्यू होते. आमच्या नावावर हे नको, असे त्यांच्या काळ्या सदऱ्यांवर लिहिले होते.

आपल्याला तर यासाठी अमेरिकेपर्यंत जायलाही नको. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे ‘शनिवार तेली’, म्हणजे बेने इस्राएल, नव्या राष्ट्रात गेले आणि १९६० च्या सुमारास तिथल्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका काढली, त्यांच्या लग्नांच्या चौकशा लावल्या. १९६४ च्या उन्हाळ्यात या मराठी ज्यूंनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, विषय संसदेत गाजला आणि तो आदेश मागे घ्यावा लागला. इस्राएलच्या राजधानीत बसून इस्राएलच्या धर्मसत्तेविरुद्ध समान हक्क मागणारे ते लोक ज्यूद्वेष्टे होते का?

‘मोर्चे आणि बहिष्काराने काय होते?’

खरी गंमत इथे आहे. काहीच होत नसेल, तर बहिष्काराचे आवाहन करणाऱ्यांवर भरपाईचे दावे लावता यावेत म्हणून इस्राएलने २०११ मध्ये कायदा का केला? अमेरिकेतल्या तीसहून अधिक राज्यांनी बहिष्काराविरुद्ध कायदे किंवा आदेश का काढले?

आधी मागणी काय आहे ते पाहू. ९ जुलै २००५ रोजी १७० हून अधिक पॅलेस्टिनी संस्था-संघटनांनी बहिष्कार, गुंतवणूक काढून घेणे आणि निर्बंध यांचे आवाहन केले. मागण्या तीन : अरब भूभागावरचा १९६७ पासूनचा कब्जा संपवा आणि पश्चिम किनाऱ्यात (वेस्ट बँक) उभारलेली भिंत पाडा, इस्राएलमधल्या अरब नागरिकांना पूर्ण समान हक्क द्या, निर्वासितांचा परतण्याचा हक्क माना. तिसऱ्या मागणीवर प्रामाणिक मतभेद असू शकतात आणि आहेतही. पण यात कुणाला समुद्रात बुडवण्याची भाषा नाही.

परिणामांचे म्हणाल तर ते हळू आणि अर्धवट आहेत. व्हेओलिया या फ्रेंच कंपनीचा जेरुसलेमच्या ट्रामगाडीत हिस्सा होता. ठिकठिकाणच्या नगरपालिकांची कंत्राटे वादात सापडत गेली आणि २०१५ मध्ये ती इस्राएलमधून बाहेर पडली. पुमाने इस्राएली फुटबॉल संघटनेशी असलेला करार २०२४ नंतर पुढे वाढवला नाही. अशा वेळी कंपन्या कारण नेहमीच ‘व्यावसायिक’ सांगतात. अपयशेही आहेत. भाड्याच्या घरांचे संकेतस्थळ असलेल्या एअरबीएनबीने कब्जातल्या जमिनीवरच्या इस्राएली वसाहतींमधली घरे यादीतून काढण्याचे जाहीर केले आणि २०१९ मध्ये पाय मागे घेतला. सोडास्ट्रीम या इस्राएली कंपनीने वेस्ट बँकमधला कारखाना हलवला तेव्हा तिथल्या शेकडो पॅलेस्टिनींचे काम गेले. बहिष्काराला किंमत मोजावी लागते आणि ती पुष्कळदा गरीबच मोजतो, हे चळवळीच्या लोकांनी मोकळेपणाने बोलले पाहिजे. आपल्याकडे फिरणाऱ्या साबण-बिस्किटांच्या लांबलचक याद्यांविषयीही. त्यांतली निम्मी नावे कुणी कशाच्या आधारावर घातली ते देव जाणे. मूळ चळवळ स्वतःच सांगते, की मोजक्या कंपन्या निवडा आणि पुरावा असलेल्याच निवडा.

संयम किती लागतो याचे माप हवे असेल तर डब्लिनला जावे लागेल. जुलै १९८४ मध्ये डन्स स्टोअर्स या दुकानात मेरी मॅनिंग या गल्ल्यावरच्या मुलीने दक्षिण आफ्रिकेची दोन ग्रेपफ्रूट विकायला नकार दिला. तिला निलंबित केले, सहकारी संपावर गेले. लोक हसले, काही जण थुंकले. जवळजवळ तीन वर्षांनी, १९८७ मध्ये, आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेच्या मालाची आयात बंद केली.

पॅलेस्टाईनमधलेच उदाहरण हवे असेल तर रामल्लाच्या पश्चिमेला असलेल्या बिलईन गावाचे घ्या. भिंतीने गावाची जवळपास निम्मी शेतजमीन पलीकडे टाकली. २००५ पासून गावकरी दर शुक्रवारी नमाजानंतर भिंतीपर्यंत चालत जात. सोबत इस्राएली तरुण असत, परदेशी पाहुणे असत. अश्रुधूर ठरलेला. एप्रिल २००९ मध्ये गावातला बासिम अबू रहमा अश्रुधुराचे नळकांडे छातीवर लागून मेला. २००७ साली इस्राएलच्याच सर्वोच्च न्यायालयाने भिंतीचा मार्ग बदलायला सांगितले, ती प्रत्यक्ष हलायला २०११ उजाडले. जमिनीचा एक भाग परत आला, उरलेला पलीकडेच राहिला. ‘काहीच होत नाही’ म्हणणाऱ्याने त्या परत मिळालेल्या जमिनीवर उभे राहून तसे म्हणून दाखवावे.

‘हमासबद्दल गप्प का?’

काही जण गप्प होते, काहींनी तर ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्याला ‘प्रतिकार’ म्हणून टाळ्याही वाजवल्या. त्या दिवशी सुमारे १,२०० माणसे मारली गेली, २५१ जणांना ओलीस नेले. त्याला टाळ्या वाजवणे नीच होते. बेएरी या किबुत्झमध्ये (इस्राएली सामूहिक वस्तीत) त्याच दिवशी मारली गेलेली शांतता कार्यकर्ती व्हिव्हियन सिल्व्हर गाझातल्या रुग्णांना आपल्या गाडीतून इस्राएली इस्पितळांत पोहोचवत असे.

पण सगळ्यांना एकाच काठीने हाकणारा हा प्रश्न मार्च २०२५ मध्ये बैत लाहियात ‘हमास चालते व्हा’ असे ओरडत रस्त्यावर उतरलेल्या गाझावासीयांना कसा विचारणार? त्यांच्यासारख्यांवरच बॉम्ब पडत होते. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांनुसार ऑक्टोबर २०२५ च्या युद्धविरामापर्यंत ६७,००० हून अधिक माणसे मेली.

मे २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्याने एकाच वेळी पाच अटक वॉरंटे मागितली. तीन हमासच्या नेत्यांविरुद्ध, दोन इस्राएलचे तेव्हाचे पंतप्रधान नेतान्याहू आणि संरक्षणमंत्री गॅलंट यांच्याविरुद्ध. हमासचे ते तिघेही पुढे मारले गेले, पण ती पाचही बजावा, अशी मागणी तेव्हा करता येत होती. व्हॉट्सॲपवरच्या त्या मजकुराला त्यांतली तीनच हवी होती.