वसतिगृहातील एचआयव्ही : एका संदेशाचा प्रतिवाद

पुण्यात वसतिगृहात राहणाऱ्या माझ्या भाचीने तिच्या वर्गाच्या गटावर आलेला एक संदेश मला पाठवला आणि 'मावशी, हे खरे आहे का?' असे विचारले. एचआयव्ही डासांमुळे व मेसच्या ताटांतून पसरतो, निगेटिव्ह अहवालावर भरवसा ठेवता येत नाही, औषधे घेणाऱ्यांपासूनही लागण होतेच. म्हणून प्रवेशाच्या वेळी चाचणी सक्तीची करून बाधितांना वेगळे ठेवावे, असा त्याचा आशय. पदवीचे शिक्षण घेणारी मुले हे न तपासता पुढे पाठवतात, याची मला चीड येते.

डासाच्या शरीरात हा विषाणू वाढत नाही, पचून नष्ट होतो. शिवाय डास चावताना स्वतःची लाळ सोडतो, आधी शोषलेले रक्त नव्हे. ताट, पेला, स्वच्छतागृह यांतूनही लागण होत नाही. अहवालाबाबत मात्र थोडे तथ्य आहे, ते मान्य करावे लागेल : लागण झाल्यानंतर सुरुवातीच्या काही आठवड्यांत चाचणीत संसर्ग दिसेलच असे नाही, म्हणूनच जोखीम घडली असल्यास समुपदेशक तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करण्यास सांगतात. त्यावरून चाचणीच निरर्थक ठरवणे चूक आहे.

औषधांविषयीचा दावा सर्वांत घातक आहे, कारण तो उपचार घेणाऱ्याचा धीरच खचवतो. जोडीदारांपैकी एकच बाधित असलेल्या १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत 'एचपीटीएन ०५२' हा अभ्यास झाला आणि त्यात पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचाही सहभाग होता. लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे २०११ मध्ये दिसले. आणि २०१६ च्या अंतिम निष्कर्षांत, औषधांनी विषाणू स्थिरपणे दबलेला असताना बाधित जोडीदाराकडून दुसऱ्याला लागण झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. लैंगिक संबंधांतही जिथे ही स्थिती आहे, तिथे एका खोलीत राहणाऱ्या किंवा एका बाकावर बसणाऱ्या मुलाला दूर लोटण्यास कोणता आधार उरतो? ही औषधे सरकारी एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीवरील उपचार केंद्रांत, २००४ पासून मोफत मिळतात.

उरली सक्तीच्या चाचणीची मागणी. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार शिक्षणासाठी चाचणीची अट घालता येत नाही, बाधिताला वेगळे ठेवता येत नाही आणि त्याच्या संमतीशिवाय चाचणीही करता येत नाही. बाधितांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, याची जाणीव हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांना असावी. तपासणी केली की खोली जाईल, अशी भीती ज्याच्या मनात बसेल तो तपासणीला जाणारच नाही आणि उपचारांविना राहील. म्हणजे ज्या धोक्याचा बाऊ केला जातो तो या मागणीनेच वाढेल.

ज्या विद्यार्थ्याला शंका असेल त्याने सरकारी रुग्णालयातील आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात, जावे. तिथे चाचणी मोफत होते, अहवाल गोपनीय राहतो आणि समुपदेशकाशी बोलता येते. आधी नुसती माहिती हवी असल्यास १०९७ हा क्रमांक आहे.