स्वर्ग तळमजल्यावर असतो

म्हातारं बिझनेस हॉटेल ओळखायला त्याचं जन्मसाल विचारावं लागत नाही. बाथरूममध्ये कमोडशेजारी भिंतीवर टेलिफोन दिसला की समजून घ्यावं. एके काळी तो ऐटीचा विषय होता. आता त्याचं काम एकच उरलंय: आपल्या डोळ्यांत शॅम्पू गेलेला असताना वाजणं. पलंगाच्या उशालगत बटणांची पट्टी असते. त्यातली निम्मी ज्या रेडिओची होती तो कधीच निवर्तला. उरलेल्यांपैकी एक बटण खोलीतले सगळे दिवे बंद करतं, पण कोणतं, ते रात्री बारा वाजता एकेक दाबूनच शोधायचं. गालिच्यावर नक्षीचा असा काला केलेला असतो की डाग कुठे संपला आणि फूल कुठे सुरू झालं ते कळू नये. ते कळू नये म्हणूनच तर ती नक्षी निवडलेली असते.

आणि याच इमारतीच्या तळमजल्यावर दोन-तीन अशी रेस्टॉरंट्स असतात की शहरातली माणसं तिथे दिवस-दिवस आधी टेबल राखून ठेवतात. वर बडा घर पोकळ वासा, खाली साक्षात अन्नपूर्णा.

यात गूढ काही नाही, सरळ हिशेब आहे. रेस्टॉरंटमधलं गिऱ्हाईक गावातलंच, स्वतःच्या खिशातून पैसे देणारं, आणि पदार्थ बिघडला तर पुन्हा न फिरकणारं. वरचा पाहुणा कामासाठी आलेला, बिल कंपनी भरणार, दोन रात्रींत जाणार. भांडायला त्याला सवड नाही. शिवाय रेस्टॉरंट नवं करायचं तर तेवढंच काही आठवडे बंद ठेवता येतं. बाथरूमचं तसं नाही. पाण्याचे आणि सांडपाण्याचे उभे पाइप एकाच शाफ्टमधून वरपासून खालपर्यंत गेलेले असतात. ते बदलायचे म्हणजे त्या रांगेतल्या सगळ्या मजल्यांवरच्या खोल्या रिकाम्या करायच्या. मालक मग पडदे, गाद्या आणि रंग बदलतो. ही रंगरंगोटी साधारण ५ ते ७ वर्षांनी आणि खरी मोठी दुरुस्ती १० ते १५ वर्षांनी करावी, असा या धंद्यातला ढोबळ संकेत आहे. म्हातारं हॉटेल म्हणजे जिथे पहिली गोष्ट वेळच्या वेळी होते आणि दुसरी कायम पुढच्या वर्षी होणार असते.

स्वयंपाकघराला मात्र म्हातारपण मानवतं. जुन्या हॉटेलांत भटारखान्याला ऐसपैस जागा दिलेली असे: स्वतःची बेकरी, पेस्ट्रीचा वेगळा विभाग, मांस कापायची थंड खोली. नव्या इमारतीत त्यातली बरीच जागा भाड्याच्या खोल्यांकडे जाते आणि पाव बाहेरून येतो.

तेव्हा असल्या हॉटेलात उतरायची शहाणी रीत एकच. मुक्काम भटारखान्याच्या वेळापत्रकाभोवती आखावा आणि खोलीशी फक्त तह करावा.

तहाची बोलणी रिसेप्शनवरच सुरू होतात. ‘चांगली खोली द्या’ हे वाक्य तिथे दिवसातून शेकडो वेळा ऐकू येतं आणि त्याचा अर्थ कुणीच लावत नाही. नेमकं मागावं: लिफ्टपासून लांब, सर्व्हिस पँट्रीच्या शेजारची नको, मेजवानीच्या हॉलच्या लगेच वरची नको, आणि अगदी वरच्या मजल्यावरचीही नको, कारण डोक्यावर गच्चीत कूलिंग टॉवर आणि लिफ्टची मोटर घुमत असते. भटारखान्याचा धूर ओढणारा डक्ट कोणत्या बाजूने वर जातो तेही विचारावं. ज्या सुगंधासाठी खाली आपण पैसे मोजतो, तोच रात्री दोन वाजता उशीतून यायला लागला की प्रेम आटतं.

किल्लीचं कार्ड चुंबकीय पट्टीचं असेल तर ते मोबाइलच्या चुंबकवाल्या कव्हरापासून दूर ठेवा. बँकेच्या कार्डाची पट्टी पुसायला सुमारे २,७५० ऑर्स्टेडचं (हे चुंबकाचा जोर मोजायचं एकक) चुंबकत्व लागतं; हॉटेलच्या कार्डाची पट्टी बहुधा ३०० ची असते, कारण ती रोज पुसून नव्याने लिहायची असते. दुसरी गंमत अशी की दारातलं जुनं कुलूप रिसेप्शनच्या संगणकाशी जोडलेलंच नसतं. नव्या पाहुण्याचं कार्ड आत सरकवलं की ते जुन्याला आपोआप बाद करतं. त्यामुळे जास्तीचं कार्ड मागताना ‘डुप्लिकेट द्या’ असं स्पष्ट म्हणावं. तिथे घाईत ‘नवा पाहुणा’ असं बटण दाबलं गेलं तर आपण आत येतो आणि खोलीतला जोडीदार पुढच्या वेळी बाहेर राहतो. संसारात एवढं निमित्त पुरतं.

आता एसी. भिंतीवरचा थर्मोस्टॅट ही खोलीतली सर्वांत आशावादी वस्तू. कित्येक जुन्या इमारतींत दोन पाइपांची पद्धत असते: एकातून पाणी खोलीतल्या यंत्राच्या कॉइलमध्ये, म्हणजे नागमोडी नळीत, येतं, दुसऱ्यातून परत जातं. म्हणजे अख्ख्या इमारतीला एका वेळी एकच ऋतू. थंडीत गरम पाणी, उन्हाळ्यात ७ अंशांच्या आसपासचं गार. ऋतू बदलतो त्या आठवड्यांत कोणतं पाणी सोडायचं हे तळघरातला माणूस ठरवतो, आपण नाही. आपल्या हातातलं बटण पंख्याचा वेग बदलतं आणि फार तर झडप उघडझाप करतं. आकडा २२ वरून १६ वर नेल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त आपलं समाधान होतं. गार पाणी चालू असूनही वारा कोमट असेल तर दोन संशयित: धुळीने बुजलेला फिल्टर किंवा अडकलेली झडप. फोन करताना ‘एसी चालत नाही’ म्हटलं की माणूस येतो, रिमोट दाबतो आणि ‘थोडा वेळ द्या’ म्हणून जातो. ‘फिल्टर धुवा आणि व्हॉल्व्ह उघडतोय का बघा’ म्हटलं की शिडी घेऊन येतो. जाळीतून पाणी ठिबकत असेल तर कॉइलखालच्या ताटलीची निचऱ्याची नळी शेवाळाने तुंबलेली आहे. हे यंत्र सहसा दाराजवळच्या खोट्या छतात बसवलेलं असतं, म्हणून बॅग नेमकी तिथे ठेवू नये.

बाथरूम हे तहातलं सर्वांत नाजूक कलम. आत शिरताच गटाराचा वास आला तर उदबत्ती मागवू नका. जमिनीतल्या जाळीखाली वळणदार पाइपात सुमारे ५० मिलिमीटर पाणी साचून राहायचं असतं. तेच पाणी वायू अडवतं. खोली बरेच दिवस रिकामी असली की ते उडून जातं. दोन ग्लास पाणी ओतलं की वास थांबतो. एवढा साधा इलाज असताना लोक खोली बदलून घेतात आणि पुढच्या खोलीत थर्मोस्टॅटला भेटतात.

गरम पाण्याची वाट बघणं हा दुसरा अध्याय. मोठ्या इमारतीत गरम पाणी पंपाने सतत फिरतं ठेवावं लागतं. तो पंप थकला किंवा पाइपांच्या फांद्यांमधलं संतुलन बिघडलं की टोकाच्या खोल्यांपर्यंत आधी पाइपात निवलेलं सगळं पाणी येतं, मग गरम. ही नुसती गैरसोय नाही. २० ते ४५ अंशांच्या कोमट, साचल्या पाण्यात न्यूमोनिया करणारा लीजिओनेला जिवाणू वाढतो, म्हणून टाकीत ६० अंश आणि परतीच्या पाइपात ५० च्या वर तापमान राखायचं असतं. खोली बंद पडून असल्यासारखी वाटली तर आधी गरम, मग गार नळ काही मिनिटं वाहू द्यावा. शॉवरचं तोंड खाली करून सोडावं आणि तोवर बाहेर थांबावं, कारण धोका तुषार श्वासात जाण्याचा असतो.

मग शॉवरचा पडदा. शॉवर सुरू झाला की हा पडदा आत येतो आणि ओल्या अंगाला ओळख नसताना मिठी मारतो. याचं कारण शोधणाऱ्याला बक्षीससुद्धा मिळालं आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डेव्हिड श्मिट यांनी ही उकल अंशतः केली म्हणून त्यांना भौतिकशास्त्राचा २००१ चा इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, देण्यात आला. त्यांच्या गणितानुसार तुषारांमुळे हवेचा आडवा भोवरा तयार होतो, त्याच्या मध्याशी दाब कमी असतो, आणि पडदा तिकडे ओढला जातो. ‘अंशतः’ हा शब्द फार खरा आहे. पडदा अजून येतोच. उपाय असा की खालची कड टबच्या आत घ्यायची, ओली करायची आणि टबच्या भिंतीला चिकटवायची. पाण्याचा जोरही थोडा कमी ठेवावा.

पण जोर आपल्या हातात असतो कुठे? बिझनेस हॉटेलात सगळ्यांच्या मीटिंगा एकाच सुमारास, म्हणून अंघोळीही एकाच सुमारास. सात ते आठमध्ये दाब पडतो. गरम-गार पाणी मिसळणाऱ्या जुन्या नळाला दाब सांभाळणारी झडप नसेल तर शेजाऱ्याने फ्लश ओढल्यावर आपलं गार पाणी तिकडे जातं आणि पाठ भाजते. आणि आठनंतर हीच सगळी मंडळी चकचकीत होऊन न्याहारीच्या रांगेत उभी.

म्हणून माझा ठाम सल्ला: न्याहारीला पारोशानेच जावं. दार उघडताच, साडेसहाला. तेव्हा पाव भट्टीतून नुकताच निघालेला असतो आणि अंड्यांच्या काउंटरवर उभा असलेला स्वयंपाकी अजून माणसांत असतो. झाकणाच्या भांड्यातलं स्क्रॅम्बल्ड अंडं घेऊ नये. गरम ठेवता ठेवता त्याला पाणी सुटतं, आणि बलकातलं लोह पांढऱ्यातल्या गंधकाशी जुळून हिरवट झाक येते. समोर करून मागावं. तव्यावर लागतात जेमतेम दोन मिनिटं. फिरत्या पट्ट्याच्या टोस्टरबद्दल एवढंच की पहिल्या फेरीत पाव नुसता उबतो आणि दुसऱ्या फेरीत जळतो, म्हणून दुसऱ्या फेरीला पट्ट्याचा वेग वाढवावा आणि नंतर तो मूळ जागी आणून ठेवावा, मागे रांगेत माणसं असतात. साडेआठला वर जाऊन अंघोळ करावी. इमारतीतलं सगळं गरम पाणी तेव्हा आपलं.

वायफायचं थोडक्यात. राउटर कॉरिडॉरमध्ये असतो आणि दार व टेबल यांच्यामध्ये बाथरूमच्या भिंती, टाइल्स आणि भलामोठा आरसा. टेबल खिडकीशी, सिग्नल दाराशी. महत्त्वाचा कॉल असेल तर खुर्ची दाराजवळ ओढा. किंवा सरळ खाली कॉफी शॉपमध्ये बसा. तिथला सिग्नल खणखणीत असतो, कारण तिथे बाहेरचं गिऱ्हाईक बसतं.

रात्रीच्या जेवणाबाबत एक गैरसमज सगळ्यांचाच असतो: आपण याच हॉटेलात उतरलोय म्हणजे टेबल मिळेलच. मिळत नाही. खोली घेताना त्याच फोनवर टेबलही राखून ठेवावं. ते हुकलं तर दुपार गाठावी. भटारखाना तोच असतो आणि गर्दी निम्मी. सर्वांत शेवटी रूम सर्व्हिस, आणि तिचाही एक नियम आहे. पदार्थ झाकणाखाली येतो आणि वाटेत सर्व्हिस लिफ्टची वाट बघतो. वाफेत कुरकुरीत काही टिकत नाही, म्हणून तळलेलं मागवू नये. सूप, रस्सा, भात मागवावा. रात्री अकरानंतरचा मेनू छोटा असतो, कारण मुख्य स्वयंपाकी घरी गेलेले असतात.

खोली सोडायची वेळ बहुधा बाराची आणि दुपारचं जेवण सुरू होतं साडेबाराला. या अर्ध्या तासासाठी रिसेप्शनशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. साडेअकराला चावी द्यावी, बिलात न उघडलेल्या मिनीबारची बाटली लागली नाही ना ते पाहावं, बॅग बेल डेस्कवर ठेवून टोकन घ्यावं, आणि साडेबाराच्या ठोक्याला बाहेरचं गिऱ्हाईक म्हणून आत शिरावं. खिडकीजवळचं टेबल मागावं. बाहेरच्यांना ते देतात.